कापसाच्या दिवसांतली शाळा

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जूनच्या मध्याला पुण्या-मुंबईची मुलं वर्गात जाऊन बसतात, तेव्हा वर्ध्यात अजून पारा उतरायची वाट पाहणं चाललेलं असतं. इथली घंटा जूनच्या अखेरीला, नाहीतर जुलैच्या तोंडावर वाजते. म्हणजे इथला उन्हाळा सरकारने मान्य केला आहे. हिवाळ्याची मात्र कोणी नोंद घेतलेली नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं २०२४ मध्ये शासनाने सांगितलं, तेही मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून.

आणि जिल्हा बघावा तो हिवाळ्यातच. दिवाळीच्या सुमाराला पऱ्हाटी फुटते, वेचणी लागते. तुरीच्या शेंगा भरतात, हरभरा घाट्यावर येतो, आर्वी-कारंज्याकडे आंबिया बहाराचा संत्रा तोडायला येतो, हिंगणघाटच्या बाजार समितीसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. नेमके तेच दोन-अडीच महिने मुलं वर्गात बसून पुस्तकातलं कापसाचं चित्र रंगवतात.

मग या दिवसांत मुलांना घरीच का शिकवू नये? सेलू तालुक्यातल्या एका घरात हा वाद सासरे आणि सून यांच्यात चालला आहे. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सून बी.एस्सी., बी.एड.; शिक्षक भरतीची वाट पाहून पाहून थकलेली. नात चौथीत, नातू दुसरीत, दोघंही गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, तीही म्हणते. पुढचं बोलणं एका बैठकीतलं नाही. वेगवेगळ्या वेळी कानावर पडलेलं जुळवून, थोडं आवरून मांडलं आहे.

सून : मामाजी, शाळा सोडवायची असं मी म्हणतच नाही. दिवाळीची सुटी संपली की तिथून संक्रांतीपर्यंत, एवढंच. सकाळी दोन तास पुस्तक, मग वावर. संक्रांत झाली की पुन्हा शाळा.

सासरे : आणि हजेरीवर त्या गुरुजींनी काय लिहायचं? महिन्याच्या वर सलग पोरगं आलं नाही की ते शाळाबाह्य धरतात. मग बालरक्षक शोधत येईल. कोणाच्या दारी? रिटायर्ड मुख्याध्यापकाच्या!

सून : येऊ द्या. चहा देईन, वह्या दाखवीन.

सासरे : हसण्यावारी नेऊ नको. सगळी नोकरी हिवाळ्यात पोट्टे गोळा करण्यात गेली माझी. वेचणी लागली की वर्ग अर्धा रिकामा. मी सायकल काढायचो आणि वावरोवावरी फिरायचो. पोरगी धुऱ्यावर बसलेली, मांडीवर लहानगा भाऊ. काहून आली नाही म्हटलं, तर म्हणायची, माय वेचाले गेली गुरुजी, याले कोण पाहील? त्या मायचं तरी काय चुकत होतं? वेचणीचा हिशोब किलोवर. आज किलोला आठ-दहा रुपये मिळतात, तेव्हा काहीच नव्हते. पोरानं कमरेला ओटी बांधून चार किलो वेचला तर तेवढंच मीठ-मिरचीचं भागायचं. त्यामुळे हिवाळ्यात पोर घरी ठेवणं म्हणजे वर्ध्यात काय असतं, ते मला सांगू नको.

सून : पण मी त्यांना मजुरीला कुठे पाठवते आहे?

सासरे : हे तुला माहीत. त्या बाईला माहीत आहे का? मास्तरच्या घरचीच पोरं हिवाळ्यात वावरात असतात म्हटल्यावर तिच्या पोरीला शाळेत पाठव असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

इथे सुनेकडे उत्तर नसेल असं मला वाटलं होतं.

सून : तिच्या पोरीलाही आमच्यासोबत बसवीन.

सासरे : आणि लहानग्याला?

सून : त्यालाही. अंगणवाडी कोणासाठी आहे?

सासरे : बोलायला सोपं आहे.

सून : मामाजी, मागच्या रविवारी तुमची नात काय करत होती ते पाहिलं का तुम्ही? किराण्याचा छोटा काटा घेऊन बसली होती. मी तिला वीस बोंडं दिली. एकेक सोलून कापूस काढायचा, वजन करायचं, लिहायचं. एका बोंडातला कापूस ४ ते ५ ग्रॅमच्या मध्ये निघाला. मग मी विचारलं, किलोला बोंडं किती? तिनं गुणाकार नाही केला, भागाकार केला, आणि तोही मी न सांगता. सव्वादोनशेच्या आसपास उत्तर आलं. मग विचारलं, आपल्याकडे वेचायला येणारी मावशी चांगल्या वेच्याला दिवसाचा ४० किलो कापूस वेचते, तर बोंडं किती? ९,०००. वहीवर आकडा लिहिला आणि बघतच बसली. म्हणाली, आई, म्हणजे मावशी नऊ हजार वेळा हात घालते? संध्याकाळी मावशी आली तर हिनं तिचे हात पाहिले. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली. हा धडा कोणत्या पुस्तकात आहे?

सासरे : (थोडं थांबून) चांगला आहे. फारच चांगला आहे. सरकी मोजली का?

सून : मोजली. एका बोंडात तीसच्या आसपास निघाली. पुढच्या वेळी रुई आणि सरकी वेगळी करून तोलायची. जिनिंगला क्विंटलमागे चौतीस-पस्तीस किलो रुई उतरते म्हणतात, ते आपल्या काट्यावर किती येतं पाहू. शेकडेवारी तिला अजून शाळेत यायची आहे. पण तुम्ही गाडी घेऊन सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर गेलात, तिथं ओल ८ टक्क्यांच्या वर निघाली, भाव कापला, आणि १२ च्या वर गेली तर माल परतच पाठवतात, हे घरात रोज ऐकते ती. टक्का म्हणजे काय हे तिला कापसावरून आठ दिवसांत समजेल. सकाळी दवात वेचलं तर कचरा कमी लागतो पण ओल धरते, दुपारी पान कडक झालं की चुरा कापसाला चिकटतो. हे विज्ञान नाही का?

सासरे : आहे. म्हणूनच विचारतो, हे वर्गात काहून होऊ नये?

सून : कारण वर्गात होत नाही! तुम्ही रागावू नका, पण दिवाळी झाल्यावर शाळेत शिकवणं किती होतं ते सांगा. केंद्राच्या क्रीडा स्पर्धा, मग बीटाच्या, मग तालुक्याच्या. स्नेहसंमेलन. या ॲपवर माहिती भरा, त्या ॲपवर फोटो टाका. २०२४ ची विधानसभेची निवडणूक दिवाळी झाल्याबरोबर, २० नोव्हेंबरला. मतदान केंद्र कुठे? शाळेत. ड्युटी कोणाला? गुरुजींना. आणि मी दोन महिने घरी ठेवते म्हटलं तर मुलांचं नुकसान!

याच्यावर मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या नोकरीच्या काळात ॲप नव्हते, पण जनगणना होती, पोलिओचे डोस होते, निवडणूक तर होतीच. शिक्षकाला वर्गातून उठवून नेणाऱ्या कामांबद्दल त्यांच्याइतकं कडवट बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण हे सुनेच्या तोंडून ऐकणं वेगळं. त्यांनी विषय बदलला आणि मोठी तोफ काढली.

सासरे : वर्ध्यात बसून घरी शिकवायची गोष्ट करतेस, तर बापूंचं काय झालं ते माहीत आहे ना? दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत घातलं नाही. जोहान्सबर्गला घरून ऑफिसला चालत जायचे, तेव्हा मुलांना सोबत घ्यायचे आणि वाटेनं शिकवायचे. वेळ पुरला नाही, हे स्वतःच आत्मचरित्रात लिहिलं. आणि हरिलाल? १९११ मध्ये बापाला सोडून हिंदुस्थानात परत आला तो शिकण्यासाठी. अहमदाबादेत मॅट्रिकला बसला, नापास झाला. १९१५ मध्ये बापाला जाहीर पत्र लिहिलं, त्यात सगळी खदखद. एवढा मोठा माणूस, त्याला हे जमलं नाही.

सून : आणि त्याच माणसानं पुढे इथं नई तालीम काढली. ऑक्टोबर १९३७, २२ आणि २३ तारखेची शिक्षण परिषद. आपल्या वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे आत्ताच्या नवभारत विद्यालयात. झाकिर हुसेनांच्या समितीनं दिवसाचं वेळापत्रक बनवलं, साडेपाच तासांचं. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला. मी मागते आहे ते यापेक्षा कमीच आहे.

सासरे : तूच सांगितलंस ते बरं झालं. त्या परिषदेचा पहिला ठराव कोणता होता? देशभर सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण. ज्या माणसानं स्वतःची मुलं घरी शिकवली, त्यानं पन्नाशी-साठी उलटल्यावर देशाला काय सांगितलं? मुलं घरी ठेवा, असं नाही सांगितलं. शाळा काढा, तिथं टकळी न्या, वावर न्या, असं सांगितलं. आपला अनुभव गाठीला होताच त्याच्या.

माझ्या मते मामाजींचं हे म्हणणं या सगळ्या वादात सर्वांत जड आहे. नई तालीमबद्दल बोलताना लोक टकळी आणि स्वावलंबन एवढंच लक्षात ठेवतात. पण ती योजना घरासाठी नव्हती, ती शाळेसाठी होती. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने ती मान्य केली, त्यानंतर सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, हिंदुस्तानी तालिमी संघ उभा राहिला, सिलोनचे आर्यनायकम आणि बंगाली आशादेवी यांनी आयुष्य त्यात घातलं. सगळा जोर शिक्षक तयार करण्यावर होता. एक गोष्ट मामाजींनी सोडून दिली ती मी जोडतो. त्याच परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला होता. मुलांच्या हातच्या कामातून शिक्षकाचा पगार काढायचा ठरवलं, तर शाळेचा कारखाना आणि मुलांचे मजूर होतील, हा त्या आक्षेपाचा रोख. म्हणजे शिकणं कुठे संपतं आणि राबणं कुठे सुरू होतं, हा प्रश्न वर्ध्यात पहिल्या दिवसापासून आहे. सून आणि वेचायला येणारी मावशी यांच्यामधल्या धुऱ्यावर तोच प्रश्न उभा आहे.

सून : बरं, मग नारायणभाई देसाई? बापूंचे सचिव महादेवभाई, त्यांचा मुलगा. १९२४ चा जन्म. त्यांनी लहानपणीच शाळा सोडली. वडिलांनी आणि आश्रमातल्या लोकांनी शिकवलं. इथंच, सेवाग्रामात वाढले. पुढे बापूंचं चार खंडांतलं चरित्र लिहिलं त्यांनी, गुजरात विद्यापीठाचे कुलपती झाले. कोणाचं नुकसान झालं?

सासरे : तुझ्या घरी महादेवभाई आहेत का?

सून : नाहीत. पण महादेवभाईंना तरी शिकवायला वेळ कुठे होता? १९३६ मध्ये बापू सेगावात राहायला गेले आणि हे वर्ध्यातल्या मगनवाडीत. रोज चालत सेगावला, संध्याकाळी चालत परत. जाऊन-येऊन अकरा मैल, वैशाखातही. तरी पोरगा शिकला ना? कारण आजूबाजूला माणसं काम करत होती आणि पोरगा त्यांच्यात होता. कुमारप्पा होते, चरखा होता, गोशाळा होती. एवढंच मी म्हणते. पोरं काम करणाऱ्या माणसांत असली पाहिजेत.

सासरे : तूच म्हणालीस, माणसांत. आश्रम म्हणजे घर नाही, बाई. तिथं देशभरातली माणसं. तमिळ, गुजराती, हिंदू, मुसलमान, हरिजन. एका पंगतीत जेवायचे, संडास आळीपाळीनं साफ करायचे. आपल्या घरी कोण आहे? तू, मी, तुझी सासू, तुझा नवरा. सगळे एका जातीचे, एका आडनावाचे. मला सांग, नातवाच्या ताटाला ताट लावून बौद्धवाड्यातला पोरगा कुठे बसतो? शाळेत. खिचडीच्या वेळी. तुझ्या स्वयंपाकघरात तो बसतो का? तू बसवशील, मला माहीत आहे. तुझी सासू?

सून : (हळू) आत्याबाईंचं मी नाही सांगू शकत.

सासरे : मी सांगू शकतो. चाळीस वर्षं संसार केला आहे तिच्याशी.

हा भाग मी इतक्यातच आवरतो, कारण त्या घरात तो याहून लांब चालला आणि स्वयंपाकघरातूनही त्यात दोन वाक्यं आली. ती छापण्यासारखी नाहीत. पण घरशिक्षणाचं कौतुक करणाऱ्या शहरी लेखांत हा मुद्दा क्वचितच दिसतो. तिथे उदाहरण येतं ते मुंबईच्या त्या मुलीचं, जिला आईने सातवीत असताना शाळेतून काढलं आणि जी प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडच्या पदकांवर २०१६ मध्ये थेट एमआयटीत गेली. मुलीची हुशारी खरी, आईची हिंमतही खरी. पण खेड्यात शाळा ही सगळ्या वाड्या-वस्त्यांची मुलं एका छपराखाली बसण्याची जवळपास एकमेव जागा आहे. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जिथे गांधी-विनोबांच्या नावाच्या पाट्या चौकाचौकांत आहेत, तिथेही.

सून : अभय बंगही नई तालीमच्या शाळेतच शिकले.

सासरे : शाळेतच ना?

सून : तुम्ही प्रत्येक उदाहरण ओढून शाळेतच नेता.

सासरे : उदाहरणंच जातात, मी काय करू? बरं, नमुना म्हणून तुझ्या डोळ्यांसमोरचे दोन हिवाळे घे. कोरोनाचे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. चौथीपर्यंतचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. वीस महिने साऱ्या महाराष्ट्राची लहान मुलं घरी होती. शाळा बंद, शिक्षण सुरू, अशी घोषणा होती. पहिलीत नाव घातलेलं पोर एकदम दुसरीत येऊन बसलं, बाराखडी नाही. जून महिन्यात शिकवायचं ते डिसेंबरात सुरू. हे घरचं शिक्षण.

सून : हे घरचं शिक्षण नव्हतंच, मामाजी. हे मोबाईलवर शाळा पाठवणं होतं. ज्या घरात एक मोबाईल, तो बाप कामावर घेऊन जायचा. आई-बापाला काय येतं, काय शिकवता येईल, हे कोणी विचारलं का? लिंक आली, स्वाध्याय आला, फोटो पाठवा. वावरात तेव्हाही पऱ्हाटी फुटली होती. तिच्यावर एक लिंक आली नाही.

हे मात्र खरं. ते दोन हिवाळे घरशिक्षणाच्या विरोधात पुरावा म्हणून वापरले जातात, आणि मला ते तितकंसं पटत नाही. त्या दिवसांनी एवढंच दाखवलं की शाळेला घराचा पत्ता माहीत नाही. मूल राहतं कुठे, त्याच्या घरी कोणतं काम होतं, आईला कशाचं माप येतं, यातलं काही पाठ्यक्रमाला ठाऊक नव्हतं.

कायद्याचा प्रश्न दोघांनी लवकर मिटवला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे आई-बापाचं कर्तव्य आहे. घरी शिकवण्याला त्यात वेगळी मान्यता नाही. आई-बापाला दंडही नाही. पुढे दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं, मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे. दोन महिन्यांसाठी यातलं काहीच लागत नाही. सुनेनं हे सगळं आधीच तपासून ठेवलं होतं. मग सासऱ्यांनी शेवटचा मुद्दा काढला, आणि तो कायद्याचा नव्हता, हिशोबाचा होता.

सासरे : गावच्या शाळेचा पट किती आहे? एकवीस. दोन गेले की एकोणीस. वीसच्या खालच्या शाळांचं काय करायचं हे मुंबईत बसून ठरवतात. २०२३ मध्ये समूह शाळेचं निघालं होतं, आठवतं ना? चार गावच्या शाळा मोडून एक करायची, पोरांना गाडीनं न्यायचं. आपल्या गावच्या पोरींना गाडीनं कोण पाठवेल?

सून : संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. मी दिवाळीनंतर नेते आहे. पट एकवीसच राहतो.

सासरे : (हसू दाबत) अभ्यास केलेला दिसतो.

सून : बी.एड. आहे.

सासरे : मग हे सांग. कागदावर एकवीस आणि वर्गात एकोणीस. ते दोन कोणते? ज्यांची आई शाळेत येऊन भांडू शकते, ते. गुरुजींना विचारू शकते, की काटा काहून नाही आणला, कापूस काहून नाही आणला. तू गेलीस की त्या एकोणिसांसाठी विचारणारं कोणीच राहत नाही. त्यांच्या माया वेचणीला गेलेल्या असतात. ज्या घराला शिकवता येतं तेच घर आपली पोरं काढून नेतं, आणि शाळेत उरतात ते ज्यांना घरी शिकवणारं कोणी नाही. इंग्लिश मीडियमच्या गाड्यांनी हेच केलं गावोगावी. तू आता वावराच्या नावानं करणार.

सून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आणि हेच तिचं त्या दिवशीचं शेवटचं वाक्य :

सून : म्हणजे शाळा सुधारायची जबाबदारी माझी, पगार त्यांचा, आणि माझी पोरं मधल्या मध्ये चित्र रंगवत बसणार.

तिच्या या वाक्यातला राग मला रास्त वाटतो, आणि तरीही मी मामाजींच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

सेवाग्रामला आश्रमाशेजारी नई तालीमच्या जुन्याच परिसरात २००५ पासून आनंद निकेतन नावाची मराठी माध्यमाची शाळा चालते. शेती, स्वयंपाक, कापूस, सूत ही तिथे शिकण्याची साधनं आहेत. सून तिथे जाऊन आली आहे, आणि तिच्या काट्याची कल्पना बहुधा तिथूनच आली. ती शाळा बघून तिला वाटलं की हे मी घरी करीन. मला तीच शाळा बघून उलट वाटतं. वावर शाळेत आणता येतं, हे तिथे सिद्ध झालेलं आहे. मग दोन मुलांसाठी शाळा वावरात नेण्यापेक्षा एकवीस मुलांसाठी वावर शाळेत का आणू नये? जिल्हा परिषदेची शाळा आनंद निकेतन होणार नाही, मान्य. शिक्षक एक-दोन, कागद ढीगभर. पण शनिवार आहे. २०२४ पासून शासनाने पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार सुरू केला. बहुतेक गावांत त्या दिवशी प्राणायाम, गाणी आणि गोष्टी होतात. दिवाळी ते संक्रांत या काळातले शनिवार शाळेने कापसाला, तुरीला, हरभऱ्याला द्यावेत. एक किराण्याचा काटा, वीस बोंडं, वह्या. त्याला निधी लागत नाही आणि वरून परवानगीही लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. वेचणीच्या दिवसांत मध्य प्रदेशाकडून मजुरांची कुटुंबं आपल्या वावरांत येऊन राहतात, पोरं घेऊन. ती पोरं दोन-तीन महिने कोणाच्याच पटावर नसतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून त्यांना प्रवेश नाकारता येत नाही, वयाच्या दाखल्यावाचूनही नाही. हिंदी बोलणारी ती पोरं आपल्या वर्गात आली तर आपल्या पोरांना कापसाच्या धड्यापेक्षा मोठा धडा मिळेल, आणि पट वाढेल तो वेगळाच. कास्तकारांनी आपल्या वावरात उतरलेल्या मजुरांची मुलं शाळेत पोचवायची जबाबदारी घेतली, तर हिवाळ्यात पोर घरी ठेवण्याचा खरा प्रश्न तिथेच अर्धा सुटतो. हे मी सुनेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, हे मामाजींनी नोकरीत असताना केलं का? मामाजी म्हणाले, केलं. दोनदा जमलं, बाकी वेळा मुकादमानं पोरांना परत नेलं.

यंदा दिवाळीनंतर काय होणार ते अजून ठरलेलं नाही. नवऱ्याचं मत कोणी विचारलेलं दिसत नाही. सुनेनं मात्र शाळा व्यवस्थापन समितीत यायचं कबूल केलं आहे, आणि पहिल्याच बैठकीत शनिवारचा विषय मांडणार आहे. तो फेटाळला गेला तर मुलं घरी, अशी अट तिने घातली आहे, आणि मामाजींनी ती मान्य केली आहे.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. तुमच्या गावच्या समितीत त्या कोण आहेत, आणि त्यांना बैठकीला बोलावतात की नुसती सही घरी आणून घेतात, एवढं दिवाळीच्या आत विचारून घ्या.